एक्झिक्युटरला मिळालेले पैसे: दक्षिणा की मानाचं उपरणं?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आमच्या शनिवार पेठेतल्या ऑफिसचे तीन मजले चढून एक निवृत्त शिक्षक आले. बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण ती एक ते चारच बंद असते असं नाही, कायमच बंद असते. सरांनी आधी दम खाल्ला, पाणी प्यायले आणि मग रेक्झिनची बॅग टेबलावर रिकामी केली. तीन पासबुकं, शेअर्सची स्टेटमेंटं, सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या, वैकुंठातल्या अंत्यविधीची पावती, आणि पारदर्शक फोल्डरमध्ये चार पानी मृत्युपत्र.

चाळीस वर्षं ज्यांच्यासोबत रोज सकाळी तळजाईला फिरायला गेले, ते मित्र गेल्या मे महिन्यात वारले. लग्न केलं नव्हतं. कोथरूडचा फ्लॅट भाचीला, बाकी ठेवी आणि शेअर्स दोन भाच्यांना, आणि हे सगळं पार पाडायला एक्झिक्युटर म्हणून सर. तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली सरांनीच पेन्सिलीने रेघ मारली होती: ‘माझ्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याच्या कामाबद्दल माझ्या एक्झिक्युटरना रुपये तीन लाख द्यावेत.’

“घ्यायचे की नाही ते मी बघीन,” सर म्हणाले. “तुम्ही एवढंच सांगा, यावर कर आहे का? भाचा म्हणतो वारशावर कर नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की एक्झिक्युटरला पाच टक्के कमिशन मिळतं. आणि बँकेतला मुलगा म्हणाला, टीडीएस कापायला हवा.”

तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. घोटाळा त्यामुळेच झाला होता.

हा प्रश्न सध्या बरेच जण विचारतात, कारण कायद्यात दोन बदल लागोपाठ झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायदा, १९२५ मधलं २१३ वं कलम काढून टाकलं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईच्या हद्दीत मृत्युपत्रावरून हक्क सांगायचा तर आधी कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे ‘हे मृत्युपत्र खरं आहे’ असा शिक्का, घ्यावाच लागत असे. ती सक्ती गेली. पुण्यात केलेल्या, पुण्यातल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला ती तशी कधी नव्हतीच, पण बातमी वाचून लोकांनी कपाटातली मृत्युपत्रं बाहेर काढली, हेही नसे थोडके. दुसरा बदल म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला. कलमांचे नंबर बदलले, एक्झिक्युटरविषयीची चौकट मात्र तीच राहिली. सरांचा प्रश्न २०२५-२६ या वर्षातला आणि ते उत्पन्न जुन्याच कायद्याखाली मोजलं जाणार, म्हणून मी इथे जुनेच नंबर वापरतो.

एक्झिक्युटर करतो तरी काय?

मृत्युपत्रात ज्याच्यावर निरवानिरव सोपवलेली असते तो एक्झिक्युटर. सरकारी मराठीत त्याला निष्पादक म्हणतात, पण तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. गेलेल्या माणसाची मिळकत गोळा करायची, अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवायची, कर भरायचा, आणि उरेल ते मृत्युपत्राप्रमाणे वाटायचं, हे त्याचं काम. वाटप लगेच करण्याची सक्ती नाही, वारसा कायद्याचं कलम ३३७ त्याला मृत्यूपासून एक वर्षाची सवड देतं. प्रोबेट घेतलं असेल तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो.

दरम्यान जी मिळकत त्याच्या ताब्यात असते तिला मी ‘इस्टेट’ म्हणेन. सोसायटीच्या खजिनदाराची कल्पना करा. पेटीची किल्ली त्याच्याकडे, चेकवर सही त्याची, पण पेटीतला रुपया त्याचा नाही. आता त्याच सोसायटीने ‘वर्षभर राबलात, हे घ्या पंचवीस हजार’ म्हणून दिले, तर ते मात्र त्याचे.

आणि आपल्याकडे हे पंचवीस हजार आपोआप मिळत नाहीत. मृत्युपत्रात मानधनाचा उल्लेख नसेल तर एक्झिक्युटर साधारणपणे फुकटच राबतो. खर्च इस्टेटीतून वळता करून घेता येतो, कष्ट नाही. कमिशन घ्यायचंच झालं तरी वारसा कायद्याच्या ३०९ व्या कलमाने त्याला वरची मर्यादा घातली आहे, ती सरकारी महाप्रशासकाला (बेवारस मिळकतींची व्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्याला) जो दर ठरवून दिलेला असेल त्याची. म्हणजे ‘पाच टक्के’ हा आकडा आपल्या कायद्यातला नाही. तो कुठून आला ते पुढे सांगतो.

गुरुजीच मामा असतील तर

एका लग्नाची कल्पना करा. लग्न लावणारे गुरुजी नवरीचे सख्खे मामाच आहेत. मंगलाष्टकं म्हटली, होम केला, त्याची दक्षिणा मिळाली. शिवाय मामा म्हणून मानाचं उपरणं आणि धोतरजोडीही मिळाली. दोन्ही एकाच यजमानाने, एकाच मांडवात, एकाच माणसाच्या हातात दिलं. तरी दक्षिणा कामाची आहे आणि उपरणं नात्याचं. उद्या दुसऱ्या गुरुजींनी लग्न लावलं असतं तर दक्षिणा त्यांच्याकडे गेली असती, उपरणं मामांकडेच राहिलं असतं.

एक्झिक्युटरला मिळणाऱ्या पैशांचं असंच आहे. मृत्युपत्राने त्याला आप्त किंवा मित्र म्हणून काही दिलं असेल तर ते उपरणं. कामाबद्दल दिलं असेल तर दक्षिणा. आयकर खातं उपरण्याला हात लावत नाही, दक्षिणेला लावतं.

वारशावर कर नाही, हे खरंच आहे

भाचा चुकीचं बोलला नव्हता. आपल्याकडे मृत्युकर होता, १९५३ च्या कायद्याने आलेला. १९८५ च्या मार्चपासून तो बंद झाला. तेव्हापासून माणूस गेला म्हणून त्याच्या मिळकतीवर कर लागत नाही.

मिळवणाऱ्याच्या बाजूनेही सूट आहे. आयकर कायद्याचं कलम ५६(२)(१०) म्हणतं की वर्षात पन्नास हजारांहून जास्त रक्कम फुकट मिळाली तर ती सगळी तुमचं उत्पन्न धरली जाईल. पण लगेच अपवाद देतं: नातेवाइकांकडून, लग्नात, वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेलं सोडून. यातली ‘मृत्युपत्राने’ ही मेख सरांसारख्यांच्या कामाची आहे. मित्राने हयातीत तीन लाखांची भेट दिली असती तर ती करपात्र, कारण कायद्याच्या यादीत मित्र हा नातेवाईक नाही. त्याच मित्राने मृत्युपत्रात ‘माझ्या मित्रास तीन लाख’ लिहिलं असतं तर करमुक्त. इथे नातं बघितलंच जात नाही.

मग या तीन लाखांवर का?

कारण मित्राने ‘मित्रास’ असं लिहिलं नाही, ‘कामाबद्दल’ असं लिहिलं. पैसे मृत्युपत्रातून आले असले तरी ते वारसा म्हणून आलेले नाहीत, मेहनताना म्हणून आलेले आहेत. सरांनी काम नाकारलं असतं आणि दुसऱ्याने ते केलं असतं, तर तीन लाख त्या दुसऱ्याला मिळाले असते. दक्षिणा झाली ती.

सगळ्याच मृत्युपत्रांत वाक्य इतकं स्वच्छ नसतं, हेही सांगायला हवं. ‘माझे एक्झिक्युटर अमुक यांस एक लाख’ एवढंच लिहिलं असेल तर? वारसा कायद्याच्या १४१ व्या कलमाने इथे एक गाठ मारून ठेवली आहे. एक्झिक्युटर म्हणून नेमलेल्या माणसाच्या नावाने काही ठेवलं असेल, तर तो प्रोबेट घेईपर्यंत किंवा काम करण्याचा इरादा दाखवेपर्यंत ते त्याला मिळत नाही. कायद्यातच एक उदाहरण दिलंय: नेमलेल्या माणसाने मृत्युपत्रात सांगितल्याप्रमाणे अंत्यविधीची व्यवस्था केली आणि प्रोबेट घेण्याआधीच, थोड्या दिवसांत तोही वारला. तेवढ्या व्यवस्थेवरूनसुद्धा त्याने काम पत्करलं असं धरायचं. कलमांच्या जंगलात असं एखादं उदाहरण येतं आणि पुस्तक लिहिणाऱ्यांनीही कधी तिरडी बांधली असेल असं वाटून जातं.

पण ही अट वारसा मिळण्याची आहे, कराची नव्हे. काम पत्करल्यावर मिळतं म्हणून प्रत्येक रक्कम मेहनताना ठरत नाही. रक्कम कामाच्या मापाने दिली आहे का, तास, टक्के किंवा ‘श्रम’, ‘सेवा’ असे शब्द आहेत का, काम सोडलं तर ती परत जाते का, हे सगळं मिळून बघितलं जातं. आणि नुसता शब्द बदलून भागत नाही. इस्टेटीच्या दोन टक्के रक्कम ‘प्रेमापोटी’ लिहिली तर अधिकाऱ्याला ते प्रेम मोजलेलं दिसेलच.

कर म्हणजे किती? सरांचा हिशेब

सरांना नोकरीवर कुणी ठेवलेलं नाही, म्हणून हा पगार नव्हे. ते हा धंदा म्हणून करत नाहीत, म्हणून व्यावसायिक उत्पन्नही नव्हे. उरतं ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’, जिथे बँकेचं व्याज जातं तोच रकाना. एखादा वकील किंवा सीए व्यवसायाचा भाग म्हणून एक्झिक्युटर झाला तर त्याची फी व्यावसायिक उत्पन्नात जाईल, आणि तो जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलावर वरती अठरा टक्के येतील.

सरांचं वर्षाचं पेन्शन ७,८०,००० रुपये, ठेवींचं व्याज २,६०,०००. नव्या कररचनेत पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ९,६५,००० उरतात. २०२५-२६ ला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे सर आत्तापर्यंत निवांत.

आता यात तीन लाख घाला. १२,६५,००० झाले. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर पाच टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चारवर दहा टक्के म्हणजे ४०,०००, आणि वरच्या ६५,००० वर पंधरा टक्के म्हणजे ९,७५०. एकूण ६९,७५०. बारा लाखांच्या जेमतेम वर असलेल्यांना कायदा थोडा दिलासा देतो: कर हा बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घ्यायचा नाही. म्हणून ६५,०००, अधिक चार टक्के उपकर, एकूण ६७,६०० रुपये.

सरांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे तीन लाख घेतले की अडुसष्ट हजार गेले. आणि दोन लाखच घेतले असते तर?”

शाळेत असा विद्यार्थी मिळाला की शिक्षक खूश होतात. दोन लाख घेतले असते तर ११,६५,००० झाले असते आणि कर शून्य. मानधन करपात्र आहे याचा अर्थ कर लागेलच असा नाही, ते तुमच्या बाकीच्या उत्पन्नावर अवलंबून आहे.

पुढचा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल: मग अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये घ्यावेत का? दर तेच राहिले तर दोन्ही वर्षी ११,१५,००० होतात आणि दोन्हीकडे शून्य. या रकान्यातलं उत्पन्न तुम्ही नेहमी पैसे हातात आले त्या तारखेने दाखवत असाल तर हे चालतं. पण सर देणारेही आणि घेणारेही, सही एकाच पेनाची. अशा वेळी तारखेला कामाचा आधार हवा. सरांच्या बाबतीत तो होता. ठेवी आणि शेअर्सचं काम मार्चअखेर उरकणार होतं, फ्लॅट भाचीच्या नावावर होऊन शेवटचा हिशेब मे महिन्यात व्हायचा होता. आम्ही दोन टप्प्यांचं एक साधं टिपण केलं आणि त्यावर तिन्ही भाचरांच्या सह्या घेतल्या. काम झालेलं असताना केवळ कराकरता चेक खिशात दाबून ठेवणं मी सुचवलं नसतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला आगाऊ कर भरावा लागत नाही, तेव्हा सरांना वर्षाच्या मधल्या हप्त्यांची चिंता नव्हती. आणि रिक्षा, झेरॉक्स, दाखल्याची फी असा जो खर्च इस्टेटीतून वळता करून घेतला तो उत्पन्न नव्हेच. पावत्या ठेवाव्यात. खर्च स्वतःच्या खिशातून केला आणि परत घेतला नाही, तर तो मानधनातून वजा मागता येतो. दोन्हीकडे मोजायचा नाही, एवढंच.

तीन खिसे, तीन विवरणपत्रं

लोक सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. सरांना वाटत होतं की मित्राच्या ठेवींचं व्याजही आता त्यांच्या पॅनवर चढणार. नाही.

मे महिन्यातल्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न मित्राचं. त्याचं विवरणपत्र कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरायचं. मृत्यूनंतर वाटप पूर्ण होईपर्यंतचं उत्पन्न इस्टेटीचं. त्यासाठी आयकर कायद्याचं कलम १६८ आहे: एक्झिक्युटर एक असेल तर इस्टेटीवर व्यक्तीसारखा कर, एकाहून जास्त असतील तर व्यक्तिसमूह म्हणून. विवरणपत्र आयटीआर-५ मध्ये. हे एक्झिक्युटरच्या स्वतःच्या उत्पन्नापासून वेगळं मोजायचं, असं कलमातच म्हटलंय. आणि तिसरं सरांचं नेहमीचं, ज्यात मानधन येईल.

मधल्या काळात एखाद्या लाभार्थ्याला नेमून दिलेल्या वस्तूचं उत्पन्न त्याच वर्षात त्याच्या हाती सोपवलं, तर ते इस्टेटीतून निघून त्याच्याकडे जातं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं सर दर महिन्याला भाचीला पोचवत होते, तेव्हा ते भाडं भाचीच्या विवरणपत्रात.

इस्टेटीसाठी वेगळं बँक खातं आणि वेगळा पॅन घ्या, असं मी हात जोडून सांगतो. बँका गेलेल्या माणसाच्या पॅनवरच व्याजाचा टीडीएस कापत राहतात आणि नंतर ते निस्तरण्यात वर्ष जातं. सरांनी सुरुवातीचे चार महिने सगळं स्वतःच्या बचत खात्यात घेतलं होतं. वाण्याचं बिल, मित्राचा लाभांश आणि नातवाच्या क्लासची फी एकाच पानावर. ते वेगळं करायला आमच्या ऑफिसातल्या मुलीला दोन दिवस लागले, आणि पेन्सिलीच्या खुणा अजून त्या पासबुकात आहेत.

एक इशाराही द्यायचा आहे. कर बाकी असताना एक्झिक्युटरने मिळकत वाटून टाकली, तर कलम १५९ प्रमाणे वाटलेल्या रकमेपुरती जबाबदारी त्याच्या स्वतःच्या डोक्यावर येते. भाचे कितीही गोड बोलत असले तरी आधी कर, मग वाटप. इस्टेटीचा कर आपल्या खिशातून भरावा लागला तर तो वळता करून घ्यायचा हक्क १६९ व्या कलमाने दिलेला आहे.

“इस्टेटीच्या उत्पन्नातून हे मानधन वजा होईल ना?”

हा भाच्याचा प्रश्न. एकाने खर्च दाखवला तरच दुसऱ्याचं उत्पन्न, असं त्याचं म्हणणं. धंद्यात ते बरोबर आहे, इथे बहुतेक वेळा नाही. भाड्यातून सरसकट तीस टक्के वजा होतात, प्रत्यक्ष खर्च काहीही असो. व्याजातून तेच वजा होतं जे ते व्याज मिळवायला खर्चलं. घर विकलं तर विक्रीसाठीच केलेला खर्च, जसं दलाली. निरवानिरवीचं मानधन यातल्या कशातच नीट बसत नाही. त्यामुळे इस्टेटीला वजावट नाही आणि एक्झिक्युटरवर कर, असं होऊ शकतं. मला हे न्याय्य वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

एक्झिक्युटर स्वतःच वारस असेल तर?

पुण्यात नव्वद टक्के वेळा असंच असतं असं मी म्हणणार होतो, पण मोजलेलं नाही. बऱ्याचदा असतं. वडील मृत्युपत्र करतात, मुलगा आणि मुलगी निम्मे निम्मे, मुलगी पुण्यात आहे म्हणून एक्झिक्युटर ती, आणि तिच्या त्रासाबद्दल चार लाख मानधन. भावना चांगली आहे, गणित बिघडलेलं आहे.

हे चार लाख कुठून येतात? दोघांच्या सामाईक पैशातून. ते काढले नसते तर त्यातले दोन लाख मुलीलाच मिळाले असते, करमुक्त. म्हणजे मानधनाने तिच्याकडे जास्तीचे आले फक्त दोन लाख. कर मात्र पूर्ण चार लाखांवर. ती नोकरी करणारी, तीस टक्क्यांच्या टप्प्यातली असेल तर उपकर धरून १,२४,८०० गेले. भावाचे दोन लाख कमी झाले आणि बहिणीच्या हाती जास्तीचे राहिले ७५,२००. वडिलांनी मानधनाचा शब्दच न काढता ‘मुलीला दोन लाख अधिक, उरलेलं निम्मं निम्मं’ असं लिहिलं असतं, तर भावाला एकच लाख कमी पडलं असतं आणि बहिणीला एक लाख पूर्ण मिळाले असते. दोघंही सुखात.

आणि एकुलता एक वारसच एक्झिक्युटर असेल तर मानधन घेणं म्हणजे आपलेच पैसे आपल्याच हातातून घेऊन वाटेत सरकारला जकात देणं.

“मग मी ते घेतच नाही!”

सर असं म्हणाले तेव्हा बॅगेत कागद भरायला लागले होते. न घेण्याचा मार्ग आहे. काही घेण्याआधी, हक्क पक्का होण्याआधी, लेखी कळवावं की मी मानधन सोडतो. मग ते सरांचं उत्पन्न होत नाही आणि रक्कम भाच्यांच्या वाट्यात वारसा म्हणून करमुक्त जाते. एकदा हक्क पक्का झाल्यावर ‘माझे तीन लाख तुम्हीच ठेवा’ म्हटलं, तर ते मिळवून मग वाटल्यासारखं आहे, त्यावर कर टळत नाही.

“पण काका,” भाचा फोनवर म्हणाला, “तुम्ही सोडा, आणि नंतर आम्ही तुम्हाला प्रेमाने तीन लाख देऊ.” मनाने चांगला मुलगा आहे. पण हे भाचे मित्राचे, सरांचे कायद्याने कुणी नव्हेत. पन्नास हजारांवरची भेट पूर्णच करपात्र. म्हणजे पुढच्या दाराने टाळलेला कर मागच्या दाराने आला. करमुक्त द्यायची सोय फक्त मित्राच्या लेखणीत होती, आणि ती लेखणी आता नाही.

रोख पाकिटाचंही कुणीतरी सुचवतंच, म्हणून सांगतो: एका कारणासाठी, एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. बँकेतल्या मुलाच्या टीडीएसचं उत्तर असं: एक्झिक्युटर एकच, इस्टेटीत धंदा नाही आणि घेणारा व्यावसायिक नाही, तेव्हा सरांच्या बाबतीत कापायचा प्रश्न नव्हता. दोन-तीन एक्झिक्युटर असतील आणि त्यातला एक वकील किंवा सीए फी घेणार असेल, तर मात्र व्यावसायिक शुल्काचा दहा टक्क्यांचा नियम तपासावा.

ते पाच टक्के अमेरिकेतले

व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा खोटा नव्हता, पत्ता चुकला होता. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी एक्झिक्युटरचं कमिशन कायद्यानेच ठरवून दिलंय. न्यू जर्सीत पहिल्या दोन लाख डॉलरवर पाच टक्के, न्यूयॉर्कमध्ये पहिल्या एक लाखावर पाच टक्के, कॅलिफोर्नियात पहिल्या एक लाखावर चार, आणि पुढे उतरत जातं. तिथेही तत्त्व हेच: कमिशन करपात्र, वारसा नाही. हौशी एक्झिक्युटर ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवतो, धंदा म्हणून करणाऱ्याला वर स्वयंरोजगाराचा कर लागतो. एकटा वारस असलेले लोक म्हणून तिथे कमिशन सोडून देतात.

औंध-बाणेरच्या ज्या आईवडिलांनी न्यू जर्सीतल्या मुलाला एक्झिक्युटर केलंय, त्यांच्यासाठी एवढंच. इथल्या मृत्युपत्रातलं मानधन मुलाला तिथे उत्पन्न म्हणून दाखवावं लागेल, कारण अमेरिका तिथल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. वारशावर तिथे त्याला आयकर नाही, पण परदेशातून वर्षात एक लाख डॉलरहून जास्त वारसा आला तर फॉर्म ३५२० मध्ये कळवावं लागतं. कर शून्य आणि न कळवल्याचा दंड भरमसाट, असा तो प्रकार आहे.

वाक्य कसं लिहावं

सरांनी शेवटी मानधन घेतलं, दोन टप्प्यांत. दुसरा चेक मे महिन्यात जमा झाला, भाचरांनी हिशेबावर सह्या केल्या, इस्टेटीचं खातं बंद झालं. त्यानंतर जूनमध्ये सर पुन्हा तीन मजले चढून आले, यावेळी स्वतःचं मृत्युपत्र करायला. एक्झिक्युटर म्हणून त्यांना तळजाईच्या कट्ट्यावरचे दुसरे मित्र नेमायचे होते आणि त्यांना काहीतरी द्यायचंही होतं.

मी दोन मसुदे पुढे ठेवले. एकात ‘एक्झिक्युटर म्हणून केलेल्या कामाबद्दल रुपये दोन लाख’. दुसऱ्यात त्या मित्राचं नाव, एक्झिक्युटर हा शब्द नाही, आणि पुढे: ‘आमच्या मैत्रीच्या स्मृतीप्रीत्यर्थ रुपये दोन लाख, ते एक्झिक्युटर म्हणून काम करोत वा न करोत’. हे शेवटचं कलम महत्त्वाचं. काम न करताही रक्कम मिळणार असेल तर ती दक्षिणा राहत नाही, आणि १४१ व्या कलमाची गाठही सुटते. अर्थात जोखीमही तीच आहे: मित्राने पैसे घेतले आणि काम केलंच नाही, तर ओरडायला आपण नसतो.

“तो करेल,” सर म्हणाले. दुसरा मसुदा जवळ ओढला, शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं, आणि ‘स्मृतीप्रीत्यर्थ’ मधली पहिली वेलांटी ऱ्हस्व केली.